गोविंदभाईंचा पथ्याचा कागद

काटा अठ्ठ्याऐंशी पौंडांवर थांबला. मी वजन सरकवून पुन्हा शून्यावर आणलं आणि गोविंदभाईंना परत उभं केलं. पुन्हा अठ्ठ्याऐंशी.

"बाई, काटा बिघडना व्हई," गोविंदभाई म्हणाले. उभ्या उभ्या त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता.

काटा बिघडला नव्हता. त्याच सकाळी मी त्यावर स्वतःला तोलून पाहिलं होतं. तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशननंतर हा माणूस आमच्या दवाखान्यातून घरी गेला तेव्हा एकशे सहा पौंड होता. ऑपरेशन झालेला माणूस पहिल्या महिन्यात थोडा उतरतो, मग भरायला लागतो. गोविंदभाई उतरतच होते.

"जेवता ना नीट? मी लिहून दिलंय तसंच?"

"जे तुम्ही लिखी दिन्हं तेच खास मी. कागदबाहेर काहीच नही."

ही साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. आमचा दवाखाना दहा खाटांचा, एका डॉक्टरांचा. मी तिथली हेड नर्स. हेड म्हणायचं कारण एवढंच की माझ्या हाताखाली एक आया होती. मी मूळची सांगलीकडची. इथे येऊन चार वर्षं झाली होती, अहिराणी कळायला लागली होती, बोलायला जमत नव्हती. आवाज मात्र खणखणीत होता आणि राग नाकावर. पेशंट मला वचकून असत. मला ते चांगलं वाटायचं. शिस्त आहे म्हणायचे मी.

मोठी ऑपरेशनं करायला सुरतेहून एक सर्जन एक रविवार सोडून रेल्वेने येत. सकाळी उतरायचे, दोन-तीन पेशंट उघडायचे, शिवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पुढचं सगळं आमच्या डॉक्टरांवर आणि माझ्यावर.

गोविंदभाई तापीकाठचे गुजर शेतकरी. केळी, ऊस, कपाशी, गोठ्यात चार म्हशी. वय चाळीसच्या आसपास. घरात त्यांची गुजरी बोली, आमच्याशी बोलताना अहिराणी. त्यांना वर्षानुवर्षं अल्सर होता, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडाशी जखम. ती भरून निघताना तिथला रस्ताच आवळून गेला. खाल्लेलं पुढे सरकेना, रोज ओकारी. सर्जननी जठराचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला आणि उरलेला तुकडा थेट आतड्याला जोडला. ऑपरेशन उत्तम झालं होतं. ओकारी थांबली होती. आता फक्त खायचं होतं आणि वजन भरायचं होतं.

खायचं काय, हा प्रश्न माझ्याकडे आला. सर्जन जाताना एक छापील इंग्रजी कागद देत. ऑपरेशननंतरचा आहार. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, हलकं आणि पौष्टिक. पुढे यादी: सूप, कस्टर्ड, जेली, अर्धवट उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा, टोस्ट. हा कागद साहेबाच्या देशातून आला होता. गोविंदभाईंच्या घरात अंड्याचं नाव काढणंसुद्धा अवघड. मासा तर राहू द्या. म्हणून मी तो कागद मराठीत उतरवून काढला, आणि नुसता उतरवला नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात बसवला. कस्टर्डच्या जागी रव्याची खीर. सूपच्या जागी पिठाची गूळ घातलेली पातळ राब, ती त्यांच्याकडे आजारी माणसाला देतातच. अंड्याच्या जागी दूध-साखर, दुप्पट. जेली मी जन्मात पाहिली नव्हती. तिथे केळ्याचं शिकरण लिहिलं. टोस्टच्या जागी काही सुचलं नाही म्हणून ती ओळ गाळली. शेवटी माझ्या मनाचं एक वाक्य घातलं: अशक्तपणा वाटल्यास ग्लुकोजचं पाणी. त्याखाली रेघ मारून लिहिलं: भाकरी, डाळ, चटणी, तिखट बंद.

त्या कागदाचा मला फार अभिमान होता. आमच्या डॉक्टरांनीही वाचून मान डोलावली होती.

तर काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबल्यावर मी डॉक्टरांकडे गेले.

"काय खातात ते?" त्यांनी विचारलं.

"मी लिहून दिलंय तेच."

"कशावरून?"

"मला घाबरतात म्हणून."

डॉक्टर उठून गोविंदभाईंकडे आले. त्यांनी पेशंटचं पोट तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. गोविंदभाई सांगत होते की खाल्लं की पाव तासात घाम सुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात गुरगुरतं आणि मग शौचाला पळावं लागतं. मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. ग्लुकोज वाढवायला हवं." आणि सोबत आलेल्या त्यांच्या बहिणीकडे वळून म्हणाले, "घरी नीट करून घालत नसतील. वहिनींना सांगा, कागद बघून करा म्हणावं."

हे वाक्य मी सहज बोलले. त्याचं पुढे काय होणार होतं हे मला ठाऊक नव्हतं.

सर्जन त्या दिवसांत दोन महिन्यांसाठी मुंबईला गेले होते. डॉक्टरांनी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. आम्हा दोघांच्याही मनात एकच शंका होती. अल्सर म्हणून काढलं ते भलतंच काही नव्हतं ना, ते आत पसरलं तर नाही ना. असं असेल तर गोविंदभाईंचे फार दिवस उरले नव्हते. तसं नसेल तरी, महिन्याला सहा पौंड उतरणारा माणूस किती टिकणार?

आठ दिवसांनी कार्ड आलं. चार ओळी. पेशंट काय खातो, किती वाजता खातो आणि पुढच्या एका तासात त्याला काय होतं, ते घड्याळ लावून लिहून पाठवा. पेशंटला विचारून लिहू नका. कोणीतरी शेजारी बसून बघा.

"सिस्टर, तुम्ही जा," डॉक्टर म्हणाले.

"मी? दिवसभर त्यांच्या ओट्यावर बसू?"

"कागद तुमचा आहे ना."

मी पहाटेच्या एसटीने फाट्यापर्यंत गेले, पुढे गोविंदभाईंची बैलगाडी आली होती. घरी पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. ओट्याच्या भिंतीवर माझा कागद कणकेने चिकटवलेला. कोपरे काळवंडले होते, एवढी त्यावर बोटं फिरली होती. गोविंदभाईंच्या बायकोला, जमनाबाईंना, वाचता येत नव्हतं. मुलीकडून वाचून घेऊन तिने तो तोंडपाठ केला होता. मला तिने ओळीत अख्खा म्हणून दाखवला, वेळांसकट. मग हळूच म्हणाली, "बाई, मन्हा हातनं काही चुकी ऱ्हायनं का?"

मला उत्तर द्यायची गरज पडली नाही. आतून तिची नणंद, म्हणजे दवाखान्यात आली होती तीच, बोलली, "भाऊ सुकी चालना. रांधनारीना हातले गुण लागस. बाईसनीबी तेच सांगं."

बाईंनीही तेच सांगितलं. बाई म्हणजे मी. गेले आठ दिवस राब, खीर सगळं नणंद करत होती आणि जमनाबाईला नवऱ्यासाठी चुलीपाशी जाऊ देत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर मनात आलं, असेलही तिचीच चूक.

मी वही उघडली आणि घड्याळ मांडीवर ठेवलं.

सात वाजता दूध, साखर घालून, फुलपात्रभर. सात वाजून अठरा मिनिटांनी कपाळावर घाम. सात पंचवीसला आडवे झाले, नाडी एकशे वीस. आठला शौचाला. अशक्तपणा म्हणून नणंदेने ग्लुकोजचं पाणी दिलं. कागदात होतंच. साडेआठला पुन्हा घाम. नऊला राब. सव्वानऊला छातीवर हात धरून बसले, ओठ पांढरे पडलेले.

त्यात खबर काढायला येणाऱ्यांची रांग. त्या गावात रीत अशी की आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने यायचं नाही. कोणी तांब्याभर दूध आणतं, कोणी उसाचा रस, कोणी वाटीभर शिरा. आणि आणणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दोन घोट घ्यायचेच. नाही घेतले तर त्या घराचा अपमान. "दोन घोट तरी ल्या भाऊ, मन्ही म्हैसनं दूध शे," असं म्हणत एक म्हातारबुवा फुलपात्र तोंडाशी घेऊन उभे राहिले. गोविंदभाईंनी डोळे मिटून दोन घोट घेतले. मी लिहिलं. घाम, धडधड, आडवे. साडेबारापर्यंत वहीची दोन पानं भरली आणि सगळ्या ओळी सारख्याच.

तरी माझं डोकं चालेना. मी मनात म्हणत होते, बघा, किती अशक्त झालाय माणूस, दूधसुद्धा सोसत नाही.

एकच्या सुमाराला जमनाबाई मला जेवायला वाढत होती. बाहेर आले तर खाटेवर गोविंदभाई नाहीत. शौचाला गेले असतील म्हणून थांबले. दहा मिनिटं झाली. मग मी गोठ्याच्या मागे गेले.

तिथे त्यांचा सालदार खेमा बसला होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राहणारा गडी. खेमा मोलगीकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा. त्याच्या फडक्यावर ज्वारीची भाकरी होती, जाड, सकाळची. शेजारी उडदाच्या डाळीचा घट्ट गोळा. आणि समोर उकिडवे बसून गोविंदभाई त्यातली चतकोर भाकरी मन लावून चावत होते.

मी जी ओरडले ती तीन घरांपलीकडे ऐकू गेली असेल. खेमाला म्हटलं, मालकाचा जीव घ्यायचाय का तुला?

"मालकनी मांगी. मी काय करू, बाई?" खेमाने फडकं गोळा केलं.

"आणि तुम्ही! कागदबाहेर काही खात नाही म्हणालात ना? किती दिवस चाललंय हे?"

गोविंदभाईंनी आधी तोंडातला घास गिळला. मग म्हणाले, "रोजनं शे बाई. दुपारले चतकोर. तेवढीच पोटमा ऱ्हास. बाकीनं सम्दं घामवाटे निंघी जास."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही रागे भरशात म्हनीसन."

मी रागावलेलीच होते. घड्याळ हातात होतं. एक वाजून वीस मिनिटं. मी म्हटलं, आता इथेच बसा. तासाभरात बघू तुमची भाकरी काय करते ते.

मी कबूल करते, मला त्यांना घाम सुटायला हवा होता. मला हवं होतं की पोटात दुखावं, छाती धडधडावी आणि माझा कागद खरा ठरावा. मी नाडी धरून बसले. दीड. शहाऐंशी. पावणेदोन. चौऱ्याऐंशी. गोविंदभाईंनी पाणीसुद्धा मागितलं नाही, तांब्या घरात राहिला होता. दोन वाजता ते उठले आणि म्हशीची दावण सैल करून आले. सव्वादोनला मला म्हणाले, "बाई, तुम्ही सावलीमा बठा, तुम्हले ऊन लागी ऱ्हायनं." दोन वीस झाले. घाम फक्त मला आला होता.

वहीत ती ओळ लिहायला मला बराच वेळ लागला. न लिहिता चाललं असतं. दवाखान्यात कोणी विचारलं नसतं. पण समोर माणूस बसला होता, हाडं मोजता येत होती. मी लिहिलं: एक दहा, ज्वारीची भाकरी पाव, उडदाची डाळ घट्ट, पाणी नाही. दोन वीसपर्यंत काही त्रास नाही.

डॉक्टरांनी वही वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. अर्ध्या तासाने मला बोलावलं.

"सिस्टर, उसाला पाणी देताना पाटाला दार असतं की नाही?"

"असतं."

"दार काढलं तर?"

"सगळं पाणी एकदम वाफ्यात घुसेल."

"जठराच्या तळाला तसं दार असतं. ते आपण काढून टाकलंय. पातळ आणि गोड पोटात गेलं की तसंच्या तसं आतड्यात कोसळतं. साखर आतड्यात अंगातलं पाणी ओढून घेते. म्हणून घाम, म्हणून धडधड, म्हणून जुलाब. याला इंग्रजीत डम्पिंग म्हणतात. सुकं, घट्ट खाल्लं, त्यावर पाणी प्यायलं नाही, तर ते हळूहळू उतरतं."

तीन महिने मी त्या माणसाला दर दोन तासांनी तेच पाजलं होतं, आणि घाम आला की आणखी ग्लुकोज.

"मलाही सुचायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "कागद मीही वाचला होता."

सर्जनचं उत्तरही तेच आलं. वर एक ओळ होती: इतकी साखर कोणी लिहून दिली?

मी डॉक्टरांना म्हटलं, "त्यांना असं सांगू का, की पहिला कागद तीन महिन्यांपुरता होता, आता दुसरा सुरू?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पेशंट बरा होईल त्यानेही. सांगायचं काय ते तुम्ही ठरवा."

एसटीत बसून मी तेच वाक्य घोकत गेले. पहिला कागद तीन महिन्यांपुरता होता. चांगलं वाक्य होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण अंगणात पाऊल टाकलं तर चुलीपाशी नणंद आणि जमनाबाई बाहेर गोठ्याच्या कडेला शेणाच्या पाटीजवळ. ओट्यावर खबर काढायला आलेली पाच-सात माणसं. मला बघून जमनाबाई उठली आणि हात धुवायला लागली, आणि मला एकदम लाज वाटली.

मी ओट्यावरच उभी राहून बोलले. म्हटलं, गोविंदभाईंचं वजन उतरलं ते माझ्या कागदाने. दूध, राब, खीर, ग्लुकोज, हे सगळं त्यांना चालत नव्हतं आणि मला ते माहीत नव्हतं. जमनाबाईंनी कागदाबाहेर एक चमचा घातला नाही. त्यांच्या हातात काही खोट नाही. चूक माझी.

नणंद चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत राहिली. मग जमनाबाई ओट्यावर आली.

"तीन महिना व्हयनात," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "पहाटे उठी उठी मी राब करू. मीच पाजू. त्येस्ले नको वाटे, तरीबी पाजू. तुम्ही लिखेल शे म्हनीसन."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने भिंतीवरचा कागद नखाने सोलून काढला, माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर मांडी घातली. "आते कागद भिंतले नको. मी सांगस, तुम्ही लिखा."

मग आम्ही दोघींनी ठरवलं, दुपार होईपर्यंत. तिच्या घरात सुकं काय काय होतं ते ती एकेक सांगत होती आणि मी हो-नाही म्हणत होते. भाकरी, पातळ आणि कडक भाजून, चतकोरच. उडदाची डाळ घोटून घट्ट, वर तूप. दही फडक्यात टांगून त्याचा चक्का, मीठ घालून. त्यांच्याकडे करतात तो खाकरा. शेंगदाण्याचं कूट, तिखट नावाला. दिवसातून सहा वेळा, मुठीएवढं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर तासाभराने. जेवण झालं की थोडं आडवं व्हायचं. गूळ, साखर, रस, खीर बंद. शिळी भाकरी मऊ पडते की कोरडी, ताकातली चालेल का, डाळीत आमसूल किती, असे तिचे प्रश्न सर्जनच्या कागदात नव्हते. मलाही निम्म्यांची उत्तरं येत नव्हती. जे येत नव्हतं त्याला मी "घालून बघा आणि तासभर बघा" असं सांगितलं.

राहिले पाहुणे. "त्येस्ले नही कसं म्हनू?" जमनाबाईने विचारलं.

"माझं नाव सांगा. दवाखान्यातली बाई फार खडूस आहे, थेंब पाजलेला कळला तर घरी येऊन तमाशा करते म्हणावं."

ओट्यावर बसलेला म्हातारबुवा म्हणाला, "ते खरंच शे." तेव्हा कुठे सगळे हसले.

पहिल्या पंधरवड्यात वजन उतरायचं थांबलं. पुढच्या महिन्यात चार पौंड वाढलं. पावसाळा संपेपर्यंत गोविंदभाई एकशे पाच पौंडांवर आले आणि केळीच्या बागेत स्वतः जाऊ लागले. अधूनमधून लग्नाच्या पंगतीत कोणाच्या आग्रहाने दोन जिलब्या खायचे आणि अर्धा तास झाडाखाली पडून राहायचे. मग येऊन मला स्वतःहून सांगायचे. खेमा मात्र मी दिसले की भाकरी फडक्यात गुंडाळायचा, ती सवय त्याची शेवटपर्यंत गेली नाही.

ऑपरेशनच्या पेशंटचा आहार ठरवताना मी पुढे तीस वर्षं एक प्रश्न न चुकता विचारला. मी सांगितलेलं सोडून दुसरं काय खाल्लंत? आणि विचारल्यावर तोंड मिटून बसायला शिकले. औषधं शिकण्यापेक्षा मला ते अवघड गेलं, आणि रोज जमलं असंही नाही.

दोनेक वर्षांनी तापीकाठचीच एक बाई नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली. त्याचंही तेच ऑपरेशन झालं होतं, दुसरीकडे. मी विचारण्याआधीच तिने तो काय काय चोरून खातो ते घडाघडा सांगितलं. मला नवल वाटलं. म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटली?

"जमनाकाकीनी सांगं," ती म्हणाली. "त्या बाईसले सम्दं खरं सांगजो. रागे भरतीन, पन आते आयकी लेतीन."

मी तिला बसायला सांगितलं आणि वही घेतली.